चौकट क्रमांक सतरा

सकाळी सातला दव असतं, कागद भिजतो,
म्हणून आठनंतर.
कारळवाडीचं गायरान, औशापासून तेरा किलोमीटर.
चार खिळे, सुतळी, एक मीटर बाय एक मीटर,
आत जे उभं आहे ते सगळं मोजायचं.
मुंजाजी शिंपले सुतळी ताणतात,
मी वाकते. बाह्या मनगटापर्यंत, गळ्याला ओढणी,
तरी कोपराच्या आत खाज उठतेच.

गाजर गवत: दोनशे चौदा.
पवन्या: तीन.
मारवेल: नाही.
कुसळी: एक, तीही बाहेर जायला निघाल्यासारखी कललेली.

“काय मोजूलालाव म्याडम,”
पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते,
“नासलं ते मोजून काय हुतंय?
ऱ्हायलं ते मोजा, लवकर उरकंल.”

त्यांच्या मेंढ्या याला तोंड लावत नाहीत.
शेळीनं चुकून खाल्लं तर दूध कडवट.
नाव मात्र देखणं, चटकचांदणी.
लांबून वाटतं, माळावर कुणीतरी
लाह्या उधळल्या आणि उचलायला विसरलं.

दुपारी बोरीच्या तुटपुंज्या सावलीत
भाकरी, कारळाची चटणी.
मी सांगितलं, मी याच्या माहेरी जाऊन आले आहे.
टेक्सासच्या दक्षिणेला, रिओ ग्रांदेच्या काठी,
एका वसंतात, विद्यापीठाच्या पैशानं.
अशीच सुतळी, असेच खिळे,
आणि तीन दिवस हिंडूनही सापडेना.
त्रेविन्यो नावाचा म्हातारा गाडी चालवायचा.
शेवटी एका गॅरेजमागं, मोडक्या कुंपणापाशी
त्यानं बुटाच्या टोकानं दाखवलं.
वीतभर उंच. पानांची चाळणी झालेली,
खोडात अळीनं केलेली गाठ,
शेंड्याला तीन फुलं, तीही करपलेली.
मला ओळख पटेना.
आमच्याकडं हे कमरेला लागतं, मी म्हटलं.
तो पुन्हा एकदा खाली बघत राहिला.

“तिथं त्याला कोण खातंय?”
भुंगेरे, सोंडे, अळ्या, एक तांबेरा,
मी बोटांवर नऊ नावं मोजली.
मुंजाजींचा घास हातातच थांबला.
“म्हंजी घरी त्याला समदे वळखतेत,
म्हणून ते गरीब.
हितं कुणी वळखत न्हाई, म्हणून माजलं.”
मी हो म्हटलं.
शंभर पानांचा माझा प्रस्ताव एवढाच होता.

ते तांब्याभर पाणी प्याले. तोंड पुसलं.
“मी गेल्तो की भोसरीला, अडीच वर्सं,
पत्र्याच्या कंपनीत.
तिथं मला बी कुणी वळखत नव्हतं.
मी तर वीतभर बी वाढलो न्हाई.”

माझ्या तक्त्यात याला रकाना नाही.

जुलैत परभणीहून डब्यांतून भुंगेरे आणले होते,
पाचशे. त्यांचे पूर्वजही तिकडचेच.
फिकट पिवळी पाठ, तिच्यावर
घाईत सही करावी तशा काळपट रेघा.
मुंजाजींनी डबा उपडा केला होता आणि
“जावा, जेवा” म्हणाले होते,
पंगतीला माणसं बसवावी तसं.

आता ऑक्टोबर. सोळा चौकटींत काही नाही.
सतराव्या चौकटीत एका पानाच्या पाठीमागं एक.
पान अर्धं कुरतडलेलं.
मुंजाजींनी बोट पुढं केलं, तो अंगठ्यावर चढला,
नखाच्या कडेपर्यंत गेला, थबकला.

“आन् याला हितं कोण खातंय?”

मी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.
बघावं लागेल, म्हटलं.
त्यांनी अंगठा हलकेच पानाला टेकवला
आणि तो उतरेपर्यंत हात हलवला नाही.

शेरा: भुंगेरा, प्रौढ, एक.
खिळे उपटले, सुतळी गुंडाळली.
दबल्या गवतात चौकोन थोडा वेळ तसाच राहिला.

अठरावी जागा नकाशात इथंच जवळ होती.
मुंजाजी मात्र ओढ्याकडं चालू लागले.
पलीकडं उतारावर पवन्या आहे, गुडघ्याएवढा,
इतके महिने त्यांनी तो दाखवला नव्हता.
“मोजा,” म्हणाले,
“पर मोठ्यानं मोजू नका.”