थ्री-फेज

पांझरा ओलांडून देवपुरात यायचं,
आणि देवपूरही मागे टाकलं की
बाभळी, भुईमुगाचं वावर,
चुन्याने आखलेले प्लॉट.
मालकांनाही आपला कोपरा सापडत नसे.

तिथे सुपडूअप्पांनी गिरणी टाकली.
"दयन लिसन आठे कोन यी?" बायको म्हणाली.
अप्पांनी वीज मंडळात चौदा खेटे घातले,
आणि आखाजीच्या आदल्या दिवशी
वावरातून आठ खांब चालत आले,
थ्री-फेज घेऊन.

पहिल्या आठवड्यात दळण आलं दोन पायल्या कळण्याचं.
पण ओट्यावर दोनशेचा बल्ब होता.

माझी आई, इंदूबाई बिरारी,
घरी कंदिलावर काजं करायची.
एका संध्याकाळी तिने मशीनचं मुंडकं कडेवर घेतलं,
स्टँड मी आणि भावाने ओढला,
आणि ती त्या बल्बखाली जाऊन बसली.
आईपाशी बायका बसतात म्हणून हुस्नाबी मनियार आली,
बांगड्या भरताना पोरं रडतात म्हणून भज्यांची गाडी,
भज्यांसाठी रिक्षा, रिक्षा थांबतात म्हणून डॉक्टर.
यालाच 'विकसित बाजारपेठ' म्हणतात
हे फार पुढे घरपट्टीच्या नोटिशीत वाचलं.

पीठ सगळ्यांवर बसायचं.
बांगड्यांवर, भज्यांवर, डॉक्टरच्या पाटीवर.
आई प्रत्येक ब्लाउज तीनदा झटकून द्यायची.
तरी एकजण लग्नाहून आली ती थेट ओट्यावर,
"इंदूमाय, तुना पोलकाले बाजरीना वास येस!"
आईने तिचा दीड रुपया परत केला.
आठवड्याने ती तोच दीड रुपया
आणि नवं कापड घेऊन आली.

मग शटरं आली. मग काचा.
वरच्या कोचिंग क्लासने गिरणीच्या आवाजाचा अर्ज दिला.
अप्पांची सून सांगते, अर्जाने नाही,
मोटर जळाली होती. पुन्हा बांधली नाही एवढंच.
तिथे आता मोबाईलवाला आहे.
आठवा खांब आहे अजून, केबलींनी लगडलेला,
त्यावर 'घरबसल्या कमवा'.

खांबाच्या उजवीकडे माझं मॅचिंग सेंटर.
अस्तरात एकशे चाळीस रंग.
परवा एका मुलीला मोरपंखी कापून दिलं,
आणि हात आपोआप
एक, दोन, तीन.

"काकू, नवंच आहे ना? काय झटकताय?"

ती गेल्यावर मी तागा नाकाशी धरला.
खळीचा वास.
नुसता खळीचा.