काठ

गोळीबार चौकातून आत वळलं की तिसऱ्या बोळात
दगडूजी निनावे. चाळीस वर्षं हातमागावर,
आता गुडघ्यांना तेल.
पोरानं पुण्याहून त्रेचाळीस इंची पाठवला.
जुना अजून कोपऱ्यात, पाठीला कुबड,
डोक्यावर क्रोशाचा रुमाल.

"काहून भाऊ, एचडी म्हन्ते,
अन् चित्र त धुक्यावानी."

टेस्टर खिशातच राहिला. बिघाड नव्हता.
केबल तीच, सगळ्यात स्वस्त पॅकेजवाली.
म्हटलं, जुन्या टीव्हीत आडवे धागे पाचशे शहात्तर,
तेही एका दमात नाही,
आधी एक, तीन, पाच,
मग पुन्हा वरून दोन, चार, सहा.
"धोटा," ते म्हणाले.
धोटाच. सेकंदाला पन्नास खेपा.
"अन् यात?"
एक हजार ऐंशी. पन्हाही मोठा.
त्यांनी काचेवरून नख फिरवलं,
फणीची घरं मोजावीत तसं.
"म्हंजे माग नवा, सूत जुनंच.
मंग पोत कुठून येईन?"

बावीस वर्षांच्या धंद्यात
मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

मग कपाटातून सीडी निघाली,
लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेली.
कौसल्याबाई अक्षता वाटताना.
गाल पसरलेले, बांगड्या लंबगोल,
हातातलं ताटसुद्धा आडवं सुटलेलं.
"अशी नोती ते," दगडूजी म्हणाले.
"कोनं ताणलं हिले?"

कुणी नाही. चौकोनी चित्र लांब पडद्यावर
कंपनीनंच ओढून बसवलेलं,
जागा रिकामी दिसू नये म्हणून.
रिमोट घेतला. सेटिंग. चित्र. आकार. चारास तीन.
बाई आत सरकल्या, सडपातळ झाल्या,
पदर खांद्यावर जिथल्या तिथे.
चेहरा मात्र धूसरच. त्याला इलाज नाही;
त्या दिवशी कॅमेऱ्यानं जेवढं पाहिलं तेवढंच,
डोळ्यांच्या जागी दोन सावल्या.

दोन्ही अंगांना काळे पट्टे उभे राहिले.
मला वाटलं, आता म्हणतील,
एवढे पैसे टाकून पडदा अर्धा काळा.
दगडूजी पुढे वाकले.
"काठ आले," म्हणाले. "आता झालं लुगडं."

एचडी पॅकेज महिन्याला कितीचं, ते सांगायचं राहिलं.
शंभराची नोट दिली, सुटे घेतले नाहीत.
बाहेर पारा सेहेचाळीसवर,
आणि त्यांनी उठून कूलर बंद केला:
त्याच्या घरघरीत
तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं.