चौथी खेप

त्सियालाबाई पुन्हा आल्या.
बगलेत तोच लॅपटॉप, लोकरी शालीत गुंडाळलेला,
दुखणाइताला दवाखान्यात आणावं तसा.
"परत मान टाकली," म्हणाल्या
आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला:
सोमवारी तीनदा. मंगळवारी दोनदा.
बुधवारी नुसतं वाचत बसले, तर काही नाही.
गुरुवारी 'ओत्स्खानुरी' लिहिताना, शब्द अर्धा असताना.

कुताइसीच्या बाजारामागे, जिन्याखाली माझं दुकान.
खुर्ची एकच.
गिऱ्हाईक बसलं की मी उभा.

पहिल्या खेपेला मी पंखा उघडला होता.
बारा वर्षांची धूळ, नमद्यासारखी दाट,
तिच्यात मांजराचे केस.
वाळलेली पेस्ट खरवडली, नवी लावली,
तापमान अठ्ठावन्नवर उतरलं.
तिसऱ्या दिवशी निळा पडदा.

दुसऱ्या खेपेला ड्रायव्हर, मग अख्खी विंडोज.
तिसऱ्या खेपेला मेमरीची चाचणी, रात्रभर.
मी घरी झोपलो, तो टेबलावर एकटा आकडे मोजत राहिला,
आठ फेऱ्या, चूक शून्य.
आग रामेश्वरी,
आणि मी बंब घेऊन सोमेश्वरी.

"नवा घ्या" हे मी तीनदा म्हणून झालो होतो.
त्या ऐकायच्या, आणि विचारायच्या, उद्या येऊ की परवा?

आत त्यांच्या नवऱ्याची यादी आहे.
जेमालने गावोगाव विचारून लिहिलेली द्राक्षवेलींची नावं,
कुठल्या खेड्यात कुठल्या वेलीला काय म्हणतात,
चारशे बारा नोंदी.
उरलेल्या वह्या आता बाई उतरवून घेताहेत.
"आठ वर्षं त्याच्यापाशी एकदाही बंद पडला नाही.
माझा हात लागला की रुसतो."

यंत्र रुसत नाही, असं मी म्हणणार होतो.
पण माझी नजर कीबोर्डच्या खाली गेली.
उजवीकडचं प्लॅस्टिक घासून आरशासारखं झालेलं,
डावीकडे कंपनीचं स्टिकर
कालच चिकटवल्यासारखं, कोपराही न उचकटलेलं.

"इथेच बसा," म्हणालो. "लिहा काहीतरी."

बसल्या. पाठ ताठ, दोन्ही हात कळांवर.
एकतीस वर्षं ट्रकच्या कारखान्यात टायपिस्ट.
दहा बोटं,
मनगटं टेकलेली.
चौथ्या ओळीला पडदा थिजला.
त्यांनी हात असा काढला, जणू तव्यावर ठेवला होता.

पुन्हा चालू केला. स्टिकरवर मी अंगठा दाबला. बंद.
पुन्हा चालू. पुन्हा दाबला. बंद.
इतक्या आनंदाने मी आजवर काही बिघडवलं नव्हतं.

खालून स्क्रू काढले.
डाव्या मनगटाच्या बरोबर खाली मेमरीची एक खाच,
तिच्या टाक्याला तडा, भिंगातून केसाएवढा.

"ते कसं लिहायचे?" मी विचारलं,
तोवर कळलं होतं, तरी.
त्यांनी उजव्या हाताचं एक बोट वर केलं.
"झटका आल्यानंतर एवढंच.
डावा मांडीवर ठेवायचा. मांजर झोपतं ना, तसा."

खाचेतली पट्टी काढून टाकली.
दुसरी खाच धड आहे, दुसरी पट्टीही.
"आता अर्ध्या मेमरीवर चालेल. सावकाश."
"चालेल," त्या म्हणाल्या.
मनगट आधी हवेत धरलं,
मग ठेवलं,
मग त्यावर भार दिला.
'ओत्स्खानुरी साफेरे', पूर्ण.
पुढची वेल. तिच्या पुढची.
मी उभाच होतो, चहा गार झाला होता.

वीस लारी मोजून ठेवले.
दारापर्यंत गेल्या, आणि वळल्या.
"ती काढलेली पट्टी,
तिच्यात काही उरलेलं असतं का?"

नाही, मी म्हणालो.
वीज गेली की तिच्यातलं सगळं जातं. दरवेळी.
रोज रात्री जात होतं.

"द्या तरी," म्हणाल्या,
आणि माझ्याच पावतीत गुंडाळून घेतली.