परात

बर्तन बाजारात फूलचंदजींनी विचारलं,
"इसमें पकाओगी क्या?"
म्हटलं, शिजवायचं काही नाही. धुवायचंय.
"काय?"
"धूळ."

त्यांनी आधी स्टीलची काढली.
तिच्यात माझंच तोंड दिसलं, कण कुठून दिसणार?
जर्मनची हलकी, स्वस्त,
पण पाऱ्याचा एक थेंब लागला
की पांढऱ्या भुशासारखी झडत जाते.
तांब्याची नकोच,
तांबं पाऱ्याशी भेटल्याबरोबर सोयरीक जुळवतं.
राहिलं लोखंड.
हातभर रुंद, काठ चार बोटं,
कड उभी नको, कलती हवी,
म्हणजे हलकं असेल ते चढून निघून जातं
आणि जड असेल ते बसल्या जागेवरून
हूं की चूं करत नाही.

घरी आणून चुलीवर उपडी घातली.
नव्या लोखंडाला गंजू नये म्हणून तेल चोपडलेलं असतं.
निळा धूर निघाला, मग काळा,
मग परात मोरपिसासारखी झाली
आणि थंड झाल्यावर पार विझलेली.
आई म्हणाली, नवं भांडं आणलंस आणि जाळलंस.

पहाटे चार. सराफा.
शेवटचा जिलबीवाला कढई खरवडतोय,
गराडूचे काप कुत्र्याने हुंगून सोडलेत.
दिवसा इथे कानस चालते, रात्री झारा.
मी तीन पेढ्यांच्या पायऱ्या झाडते,
फटीत दाताचा ब्रश घालते,
गटाराच्या जाळीखालचा गाळ डब्यात भरते.
केसाएवढं सोनं आणि बोटभर तूप,
एकाच डब्यात.

तूप हा खरा वैरी.
सोनं जड असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे,
पण तुपाचा हात लागला की तेही तरंगतं,
वरच्या फेसाबरोबर मिरवत निघून जातं.
म्हणून आधी रिठा. मग राख. मग पुन्हा रिठा.
मग परात पाण्यात बुडवायची, पुरती,
आणि हलवायची. आडवी. जोरात.
घाई इथेच करायची, पुढे नाही.
सगळं जड तळाला गेलं की मग कलती धरायची,
पाण्याला काठावरून एकेक घास द्यायचा.
कोळसा जातो, केस जातात, वाळू जाते,
काळी रेघ उरते. ती कानशीतून झडलेल्या लोखंडाची.
चुंबक परातीत घालायचा नाही,
तो परातीलाच मिठी मारतो.
वाळवून, कागदावर घेऊन, मग फिरवायचा.

हे सगळं दादांचं.
त्यांच्याआधीची तीन गेली म्हणून
जन्मल्याबरोबर त्यांना केरात लोळवलं
आणि नाव ठेवलं केरबा.
केराने त्यांना राखलं. पाऱ्याने नाही राखलं.
चाळीस वर्षं पारा तव्यावर उडवला,
खिडकी बंद करून, वारा लागू नये म्हणून.
आता चहाची बशी ओठापर्यंत पोचत नाही.
झोपेतसुद्धा हात हलतात,
आडवे, जोरात,
रिकामेच.

मी पारा आणत नाही.
आठवड्याला दीड गुंज निघतं.
पाऱ्याने अडीच निघालं असतं, दादा म्हणतात,
आणि हिशोब त्यांचा कधी चुकलेला नाही.
ती एक गुंज नाल्यातून खान नदीत जाते.
जाऊ दे.

काल शेवटचं धुणं राहिलं होतं.
परात त्यांच्या मांडीवर दिली, खाली गोणपाट.
त्यांनी नुसती धरली.
हात आपले चाललेच होते.
काळी रेघ सरकली, लांबली, चंद्रकोरीसारखी वाकली,
आणि तिच्या शेपटाला पिवळं आलं,
माझ्या हाताला आजवर आलं नव्हतं इतकं नीट.
दादा परातीकडे बघतच नव्हते.
बोटांकडे बघत होते.

आई आतून ओरडली,
पाणी सांडतंय गादीवर.