वाजतोय त्याचे

पहिल्या रविवारी मला एवढंच माहीत होतं
की जुने कीबोर्ड जड असतात,
आणि बटण दाबलं की आत काहीतरी मोडल्यासारखं वाजतं
पण मोडत नाही.
एवढ्या भांडवलावर लक्ष्मीपुरी पालथी घातली.
खिशात सहाशे रुपये,
त्यातले दोनशे दूधवाल्याचे.

दुसऱ्या रविवारी एकानं पुढं केला:
"जुनाच हाय की सायेब, कसा पिवळा पडलाय बघा."
एकशे वीस मोजले. घरी येऊन उघडला,
तर आत रबराची एक चादर,
मऊ, शिळ्या आंबोळीसारखी.
चकाकतं ते सोनं नसतं हे शाळेत झालं होतं.
पिवळं पडलं ते जुनं नसतं,
हा धडा पुस्तकात नव्हता.

तिसऱ्या रविवारी दस्तगीर शिकलगारांचं गोडाऊन.
पंख्यांची पाती, मेलेल्या बॅटऱ्या,
आणि त्यांच्या खाली तो, उपडा.
पाठीवर ऑइलपेंटनं 'काउंटर २'.
वायर कुरळी, जुन्या फोनच्या रिसीव्हरसारखी,
टोकाला पाच काट्यांची गोल पिन
जी आता कुठल्याच भोकात जात नाही.

उचलला, तर मनगट खाली गेलं.
एक बटण दाबलं.
टक्.
सोडलं.
पुन्हा टक्, पण बारीक,
कुणी उंबऱ्यातून मागं वळून 'येतो' म्हणावं तसा.
वडील उद्यमनगरात लेथवर होते,
म्हणायचे, नट बसला की आधी बोटाला कळतं,
कानाला मागनं.
मला तिथं उभ्या उभ्या दोन्हीकडून कळलं.

तोंड कोरं ठेवायचं, हे घरून ठरवून आलो होतो.
"ह्याचं काय घेणार, चाचा?"
त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही, काटा ओढला.
सव्वादोन किलोला थोडं जास्त.
"प्लास्टिकच्या भावानं ना?"
"आत पत्रा हाय. लोखंडाच्या."
"वर तर सगळं प्लास्टिकच दिसतंय."
"मग वरचं काढून ठेव हितं, पत्रा घेऊन जा."
मी गप्प.
"सत्तर लोखंडाचे," ते म्हणाले,
"आन् वाजतोय त्याचे दोनशे."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"
"तीन आयतवार हिंडणारा माणूस
लोखंड न्यायला येत नसतोय, बाळ."

दूधवाल्याचे बाजूला ठेवून
माझ्याकडं राहिले दहा.
त्याचा एक चहा आला, दोघांत.
चाचांनी बशी मला दिली,
स्वतः कपातला उरलेला घेतला.

रात्री वर्तमानपत्रावर तो उघडला.
एकेक बटण काढून साबणाच्या पाण्यात.
खालून निघालं: तीन टाचण्या,
शेंगदाण्याचं साल, चिरमुऱ्याचा अर्धा दाणा
(काउंटर दोनवर कुणीतरी भडंग खात होतं),
आणि एक पांढरा केस.
अक्षरं बरीचशी धड होती.
शून्य मात्र पार पुसलेलं,
नुसतं गुळगुळीत, बोट बसेल एवढं खोलगट.
कुणाच्या ठेवी, कुणाची कर्जं, कुणास ठाऊक.
पतसंस्था बुडाली की नुसतीच बंद पडली,
ते विचारायचं राहिलं.

जोडणीचा तुकडा साडेतीनशेला आहे,
पुढच्या पगाराला बघू.
तोवर वायर गुंडाळून, दिवा बारीक करून,
कुठंच न जाणारं काहीबाही टाइप करतो.
वैजयंता कूस बदलून म्हणते,
"घरात कटकट काय कमी होती?
विकत आणलीस ती?"
मी थांबतो.
जरा वेळानं अंधारातच तिचा हात येतो,
चाचपत, नेमका त्या खोलगट शून्यावर.
टक्.
"हं," म्हणते.
आणि पुन्हा एकदा दाबते.