काच नको

शिकलगार सरांनी चित्र आणलं
जुन्या लुंगीत गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून.
म्हणाले, फ्रेम कर. काच नको.

माझं दुकान पाच फूट रुंद.
टेबलावर आडवं ठेवलं तर
नुसते ठिपके.
जांभळ्याशेजारी पिवळा, नारिंगीला खेटून निळा,
कुणी कुणात मिसळलेला नाही.
माप घेतलं, बावीस बाय तीस.
नदी कुठं दिसेना.

सर बाकावर बसून हसत होते.
"लांबनं बघ की लेका."

लांब जायला दुकान संपतं.
पायरी उतरलो, गटार ओलांडलं,
पलीकडच्या पानटपरीला पाठ लावून वळलो
तर समोर पंचगंगा.
सातचं ऊन, घाटाच्या ओल्या पायऱ्या,
पाण्यात निम्मी उभी देवळं,
आणि शिवाजी पुलाच्या कमानी
आपापल्या सावलीला टेकून
गोल झालेल्या.
मध्येच के.एम.टी. गेली.
नदी पुसली,
परत आली.

कडेला एक म्हैस डुंबत होती, नाकपुड्या तेवढ्या वर.
जवळ येऊन शोधली,
तीन ठिपके. त्यातला एक हिरवा.

"काळा रंग घेतलाच न्हाई मी," सर म्हणाले.
"अब्बा चाकाला कात्री लावायचे,
ठिणग्या उडायच्या.
मी सहा वर्षांचा, एकेक धरायला बघायचो,
हातात काय यायचं न्हाई.
मागं सरून बसलो की
अंधारात अब्बांचं सगळं तोंड दिसायचं."

किती दिवस लागले?
"अकरा महिने. मधी पूर आला,
तवा वरच्या खोलीत बसून आभाळ केलं."

मग चष्मा शर्टाला पुसत,
"शेवटचा महिना अंदाजानंच.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
आता मला रस्ता ओलांडाय लागत न्हाई बघ,
नाकाला लावलं तरी पाणीच दिसतंय.
सोमवारी ऑपरेशन.
त्याच्या आधी भिंतीवर पाहिजे."

रविवारी सागवानी पट्टी कापली,
कोपरे जोडले, खिळे मारले.
उचलताना पुलाखालचा एक ठिपका
अंगठ्याला लागला. अजून ओला होता.
सरांना सांगितलं नाही.

चार दिवस राहिला नखाच्या कडेला,
सुटे पैसे मोजताना, भाकरी मोडताना दिसायचा.
शेजारचा निळा तिकडंच राहिलेला,
हा नुसताच
नारिंगी.