पूर्ण एक मिनिट

दरवर्षी जुलैत, सरोवरावरून म्वेरा वारा सुटला
की कुणीतरी येतं.
यंदा फेम्के आली, नेदरलँड्सची, चौथ्या वर्षाला.
दोन बॅगा: एकीत कपडे, दुसरीत नुसते हातमोजे,
सगळे लहान मापाचे.
आमच्या वॉर्डात माझेच हात लहान. मी काही बोलले नाही.

पहिल्या आठवड्यात तिने सगळं विचारून घेतलं.
सक्शन कुठंय, जनरेटरचं डिझेल कोण मोजतं,
एका खाटेवर तीन मुलं का.
चौथं घरी गेलं म्हणून, मी म्हटलं.
ती हसली नाही. मीही विनोद केला नव्हता.

आया तिला डॉक्टर म्हणायच्या.
मी अजून डॉक्टर नाही,
हे टुंबुकातलं तिने पाठ केलेलं पहिलं अख्खं वाक्य.
आया मान डोलवायच्या. बरं, डॉक्टर.

त्या रात्री न्यिरेंडा साहेब सिझेरियनला अडकलेले.
वॉर्डात मी, ती, एकोणतीस पोरं,
ऑक्सिजनचं एक मशीन, फाटे काढून चार नळ्या.
पाचवा, सुझ्गो, संध्याकाळी आला.
सुझ्गो म्हणजे त्रास.
आधीची दोन गेली की आई असलं नाव ठेवते,
मरणाने नाक मुरडावं म्हणून.

झटके आलेल्या एका मुलीच्या पाठीतलं पाणी काढायचं होतं.
तू करतेस का?
कधी केलं नाही, ती म्हणाली,
आणि यांच्यावर शिकणार नाही.

मला राग आला.
मी यांच्यावरच शिकले. दुसरं होतं कोण?
सुई मीच घातली.

हात धुऊन वळले तर
ती सुझ्गोच्या छातीवरचं फडकं सारून
मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलेली.
पूर्ण एक मिनिट.
आम्ही नजरेनेच सांगतो,
फार झालं तर पंधरा सेकंद, गुणिले चार.
अडुसष्ट, ती म्हणाली, आणि पुढच्या पोराकडे सरकली.
एकही खाट गाळली नाही.
वेझी रडत होती म्हणून नळी तिला होती.
वेझी चाळीस.

नळी मी काढली. सुझ्गोला लावली.
वेझीच्या आईने माझ्याकडे पाहिलं,
फेम्केकडे नाही.
मी इथली.

ऑगस्टात ती गेली. हातमोजे त्याआधीच संपले.
त्या घड्याळावर माझा डोळा होता,
ते तिच्या मनगटावरच गेलं.
आता पत्रात विचारते, सुझ्गो कसा आहे.
काय लिहू?
बरी झालेली मुलं परत येत नाहीत.
न आलेली सगळी बरी असतात असंही नाही.

भिंतीवरच्या घड्याळाचा तासकाटा कधीचा अडकलाय,
सेकंदकाटा फिरतो.
फडकं सारते, वर बघते.
रांगेतल्या आया कुरकुरतात, सिस्टर झोपली की काय.
सव्वीस. सत्तावीस.
बोलू नका गं, चुकेल.